एका कोटातली एकतीस माणसं

पाचवा मैल लागला तेव्हा कडूबाभाऊ रस्त्याच्या मधोमध थांबले आणि म्हणाले, "बाई, जरा सावलीला उभं राहू."

रत्नमालाबाईंनी चारी बाजूंना बघितलं. सोळा सालचा एप्रिल. पाऊस रुसून दोन वर्षं झाली होती. झाड नव्हतं, भिंत नव्हती. सावली म्हणून जी काही होती ती विजेच्या एका खांबाची, हातभर रुंद आणि लांबच लांब. तीही रिकामी नव्हती. नऊ मेंढरं त्या सावलीत एकामागं एक, रेशनच्या रांगेत उभी असावीत तशी उभी होती.

"सरक गं माय," कडूबाभाऊ शेवटच्या मेंढीला म्हणाले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या मेंढरं राखली होती, त्यामुळं मेंढीला ते कळलं. ती पुढं सरकली. तिच्या मागं कडूबाभाऊ उभे राहिले आणि त्यांच्या मागं, पदर डोक्यावर घेऊन, शेंद्र्याच्या जिल्हा परिषद शाळेच्या रत्नमालाबाई. बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं. आजवर त्या पुष्कळ रांगांत उभ्या राहिल्या होत्या, पण मेंढरांच्या मागं अकराव्या नंबरावर पहिल्यांदाच.

रस्ता मात्र बघण्यासारखा होता. सहा पदरी, सिमेंटचा. नव्या औद्योगिक वसाहतीसाठी केलेला. कारखाने यायचे होते, रस्ता आधीच येऊन त्यांची वाट बघत बसला होता. दोन्ही बाजूंना दिवे आणि ते भर दिवसा चालू. ज्या वस्तीवर या दोघांना जायचं होतं तिथं मात्र वीज दिवसातून चार तास यायची, तीही पाहुण्यासारखी, आली म्हणेपर्यंत निघायची.

"दोन घरं झाली, आता एकच," कडूबाभाऊ म्हणाले. "मुक्ताबाईचं. मग एकतीस भरले."

एकतीस म्हणजे एकतीस फोटो, आणि एकतीसही मेलेल्या माणसांचे. दोघं निघाले होते ते भिंतींवरच्या फोटोंचे फोटो काढायला. कारण मूळ फोटो कडूबाभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि कॉम्प्युटर पत्र्याच्या दुकानात. मार्चमध्ये पत्रा असा तापला की आतली डिस्क गेली. गेली म्हणजे कायमची गेली. शेंद्रा गावातली अठ्ठावीस घरं भाऊंनी एकट्यानं फिरून केली होती. वाड्यावस्त्यांवरची तीन राहिली होती. तिथं दिवसा पुरुषमाणूस सापडत नाही, कुणी टँकरमागं, कुणी कारखान्यात. अनोळखी घरात बाया एकट्या, म्हणून त्यांनी शाळेतल्या बाईंना बरोबर घेतलं होतं. मोटरसायकल होती, पण तिला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधलेले होते आणि ती पहाटेपासून मेव्हण्याकडं होती. त्या वर्षी मोटरसायकलीवर माणूस बसलेला दिसला की लोक म्हणायचे, याच्या घरी विहीर हाय वाटतं.

कडूबाभाऊंचं दुकान शेंद्र्याच्या फाट्यावर. तरुणपणी ते शहरात औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओत रोल धुवायला होते. तिथंच शिकले. पुढं गावाकडं जमिनी घ्यायला सरकार आलं तेव्हा त्यांनी फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. ज्याची जमीन गेली त्याला कागदावर लावायला फोटो लागला आणि ज्याची राहिली त्याला ती राहिली म्हणून फोटो लागला. बरं चाललं होतं. मग हा दुष्काळ आला. लग्नं पुढं ढकलली गेली, ज्यांची झाली ती सामुदायिक, एका मांडवात पन्नास नवरदेव आणि शहरातून आलेला एक फोटोग्राफर. भाऊंकडं उरले ते मेलेले. माणसं पाऊस पडो न पडो, आपल्या वेळेला जातच होती.

आणि त्या कामात भाऊंचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. ज्यानं जन्मात कधी फोटो काढला नाही त्याचा एकच फोटो घरात सापडायचा, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात माणूस दिसायचा नाही, नुसतं सरकार दिसायचं. कधी तेही नसायचं, मग भाऊंना मयतीलाच बोलावणं यायचं. तोंडाचा फोटो काढायचे आणि दुकानात बसून मिटलेले डोळे उघडायचे.

"डोळे आणता कुठून?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"ज्याच्या त्याच्या थोरल्या पोराचे घेतो. बाहेरचे कशाला? घरचे असलेले बरे."

असं सगळं असून आता भाऊंचं फोटोग्राफर असणंच टांगणीला लागलं होतं. वसाहतीतल्या एका कारखान्याला कायमचा फोटोग्राफर पाहिजे होता. भाऊ भेटायला गेले. तिथल्या साहेबानं दुकान कुठं, कॅमेरा कोणता, काही विचारलं नाही. "वेबसाइट आहे का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, पुढच्या सोमवारपर्यंत लिंक पाठवा, कामाचे निदान तीस नमुने पाहिजेत. दुसऱ्या बाजूला मेव्हण्यानं दुसऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची जागा धरून ठेवली होती. सोमवारपर्यंत वेबसाइट झाली नाही तर मंगळवारी फाटकावर. गणवेशाचं मापसुद्धा देऊन झालं होतं.

"काम वाईट नाय," भाऊ रांगेतून मेंढीकडं बघत म्हणाले. "बसून खायचं. पण बाई, दिवसाला चारशे तोंडं समोरून जाणार आन् मी फक्त फाटक उघडायचं. एवढी तोंडं ठेवू कुठं?"

रत्नमालाबाईंच्या मनात मघापासून दुसरंच काही घोळत होतं.

पहिल्या घरी भाऊंनी फोटोवरचा चंदनाचा हार काढायला सांगितला होता. फोटो स्वच्छ पाहिजे, असं वेबसाइटवाल्यानं बजावलं होतं म्हणून. हार निघाला आणि खालचा म्हातारा निळ्या कोटात दिसला. लाल टाय, वरच्या खिशाला पेन, पेनाखाली शाईचा एक डाग. बाईंना कौतुक वाटलं, वस्तीवरचा माणूस पण ऐटीत राहिला होता; कोट ओळखीचा वाटला, पण असे कोट पुष्कळ असतात. दुसऱ्या घरी हार निघाला. निळा कोट. लाल टाय. पेन. शाईचा डाग, जागच्या जागी. बाईंनी चष्मा पुसला. मेलेल्या माणसाच्या घरात असलं काही विचारायचं नसतं, म्हणून गप्प राहिल्या.

मुक्ताबाईंच्या वस्तीवर पोचले तेव्हा म्हातारी दारातच बसली होती. धोंडिबाची बायको. धोंडिबाला जाऊन वर्ष झालं होतं. तिनं पाण्याऐवजी दोघांच्या हातावर साखर ठेवली.

"पाणी उद्या हाय," ती म्हणाली. "टँकर एक दिवसाआड येतो. बोला, काय काढलं?"

भाऊंनी समजावून सांगितलं. धोंडिबाचा फोटो वेबसाइटवर टाकायचाय.

"मंजी कुठं?"

"सगळ्या जगात दिसंल मावशे. अमेरिकेत, लंडनला."

मुक्ताबाई विचारात पडली. "जालन्याच्या बाजाराच्या पुढं कधी गेला नाय त्यो. गाडी लागायची त्याला."

"आता नाय लागायची," भाऊ म्हणाले.

"आन् परत?"

"परत काय?"

"परत कधी यायचा?"

कडूबाभाऊंनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मावशी, फोटो भिंतीवरच राहणार. फक्त बघायला सगळ्यांना मिळणार."

म्हातारीला ते पटलं की नाही, कळलं नाही. पण तिनं स्वतः उठून हार काढला, पदरानं काच पुसली. निळा कोट, लाल टाय, पेन, डाग. रत्नमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. भाऊंनी तीन-चार फोटो काढले. निघताना मुक्ताबाई आत गेली आणि फडक्यात दोन भाकरी, ठेचा बांधून घेऊन आली.

"आमच्यासाठी कशाला मावशे?"

"तुमच्यासाठी न्हाई. त्याला लांब जायचंय ना."

परतीच्या वाटेवर त्याच रस्त्याच्या कडेला, चालू दिव्याखाली बसून दोघांनी ती भाकरी खाल्ली. पहिला घास बाईंनी बाजूला काढून ठेवला. मग विचारलंच.

"भाऊ, तो कोट कुणाचा?"

"कोणता?"

"तिन्ही घरी होता तो."

"त्यो व्हय!" भाऊ अगदी सहज म्हणाले. "माझ्या अंगावरचा, लग्नातला. स्टुडिओतल्या मालकांनी घालायला दिला होता. फोटो लई झ्याक आला होता, मग तेवढा मानेखालचा भाग ठेवून घेतला. कामाला येतो."

"म्हणजे अंग तुमचं?"

"मानेपासून खाली माझंच. वर ज्याचं त्याचं."

"एकतीसही जणांना?"

"मग एकतीस कोट कुठून आणू बाई? आन् अंगात काय असतंय? अंग सगळ्याचं एकच. माणूस तोंडावरून वळखायचा असतो."

हे म्हटलं तर कीर्तनातलंच वाक्य होतं. घास गिळून त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या दादांचा?"

दादा म्हणजे बाईंचे वडील. चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फोटो भाऊंनीच केला होता. बाई रोज सकाळी आंघोळ करून त्या फोटोला फूल वाहायच्या, वाकून नमस्कार करायच्या आणि मगच शाळेला निघायच्या.

"त्यो पयलाच," भाऊ म्हणाले. "तुमच्या दादांवरच हात बसला माझा."



---

वेबसाइट बनवायचं काम औरंगपुऱ्यात झीशानच्या दुकानात चाललं होतं. झीशान तिशीचा, लग्नपत्रिका छापायचा. दुष्काळानं पत्रिका आटल्या तसा तो लोकांच्या वेबसाइटी करून द्यायला लागला होता. पण कडूबाभाऊंनी त्याला आधीच सांगितलं होतं, करणार मी, तू नुसता शेजारी बस. दुसऱ्याच्या हातच्या कामावर आपलं नाव लावायचं नाही.

"बैठता ना चाचा. पर हात मत लगाने देना मुझे, फिर मेरे से रहा नहीं जाता," झीशान म्हणाला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसला.

बुधवारी शाळा सुटल्यावर रत्नमालाबाईही गेल्या. मजकूर लिहायचं काम त्यांच्याकडं होतं. बघतात तो पडद्यावर एक परदेशी नवरी समुद्राच्या कडेनं पळत होती. झीशाननं तयार साचा दिला होता, त्यातली नमुन्याची चित्रं काढून आपली टाकायची होती. भाऊ दोन दिवस त्या नवरीपाशीच अडले होते.

"अहो काढा ना तिला," बाई म्हणाल्या.

"काढतो. पण मागं बघा की. एवढं पाणी सोडून पळतीया कुठं ही?"

तिघांनी थोडा वेळ त्या पाण्याकडं बघितलं. बाहेर रस्त्यावरून टँकर गेला. मग भाऊंनी मन घट्ट करून नवरी पुसली, आणि लगेच शेजारच्या कप्प्यात धोंडिबा आला.

साच्यात ठिकठिकाणी मजकूरही होता. अक्षरं इंग्रजी, पण भाषा इंग्रजी नव्हे. बाईंनी दोन ओळी मोठ्यानं वाचून बघितल्या. काही अर्थ लागेना, पण म्हणताना ठेका धरल्यासारखं वाटत होतं.

"कुणाची प्रार्थना असंल तर?" कडूबाभाऊंनी माउसवरचा हात काढून घेतला. "मी नाय पुसायचा."

"अरे चाचा, वो कुछ नहीं है! खाली जगह भरने का है. उसका मतलबच नहीं कुछ."

"मतलब आपल्याला कळत नाय म्हून नाय, असं नसतंय," भाऊ म्हणाले. बाईंनाही ते पटलं. शेवटी बाकीचा मजकूर काढला आणि एक परिच्छेद पानाच्या तळाशी, पायाशी असावा तसा राहू दिला. भाऊंनी त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूची दोन फुलं लावली.

साच्यात फोटोंसाठी चार खाने होते. लग्न, निसर्ग, खाद्यपदार्थ आणि प्रवास. यातले तीन भाऊंनी काढून टाकले. लग्नाचे फोटो डिस्कबरोबर गेले होते, निसर्ग दोन वर्षांत कुणी बघितला नव्हता आणि खाद्यपदार्थांचं तर नावच नको. राहिला प्रवास. एकतीसही जण भाऊंनी त्यात टाकले.

"ये क्या चाचा, ट्रॅव्हल में?" झीशानचे हात मांडीखालून अर्धे बाहेर आले.

"मग काय, प्रवासालाच गेलेत ना?"

झीशाननं बाईंकडं बघितलं. बाईंनी मान डोलावली. चुकीचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

पहिल्या पानावर तुमची खासियत लिहा, असं झीशान म्हणाला. भाऊंनी सांगितलं, "लिवा बाई, मिटलेले डोळे उघडून मिळतील." बाईंचा हात थबकला. हे काम देवाचं. त्यांनी आपल्या अधिकारात एक शब्द पुढं घातला, "फोटोतले".

मग भाऊंनी एक बटण दाबलं आणि एकतीस फोटो पडद्यावर ओळीनं उभे राहिले. पाचाच्या सहा रांगा आणि खाली एकटे दादा.

भिंतीवर एकेकटा, हाराखाली, धुरानं पिवळा पडलेला माणूस वेगळा असतो. इथं एकतीस निळे कोट शेजारी शेजारी होते, एकतीस लाल टाय, एकतीस पेनं. शाळेच्या वर्गफोटोत सगळी पोरं एका गणवेशात बसतात तशी पंचक्रोशीतली म्हातारी माणसं बसली होती.

"चाचा," झीशान हळूच म्हणाला, "ये सब सगे भाई हैं क्या?"

"आता हायेत," कडूबाभाऊ म्हणाले.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "हे असं गावानं बघितलं तर?"

"बघणारच. शनिवारी उद्घाटन ठेवलंय."

---

उद्घाटनाला शाळेचा प्रोजेक्टर होता. व्हरांड्यात पांढरी चादर बांधली होती, उघड्या बाजूंना पोती बांधून अंधार केला होता. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झालं. नारळ फोडायचा तर पाण्याचा थेंब सांडला की बायका हळहळायच्या, म्हणून नारळाला नुसता हात लावून पुढच्या वर्षासाठी ठेवून दिला. कडूबाभाऊंची बायको बानाबाई नव्या लुगड्यात पुढं बसली होती. मुक्ताबाईसुद्धा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून आली होती, नवरा अमेरिकेत कसा दिसतोय ते बघायला.

कडूबाभाऊंनी बटण दाबलं. चादरीवर एकतीस माणसं आली.

पहिल्यांदा सगळे आपापलं माणूस शोधण्यात गुंतले. "त्यो बघ आज्जा!" "आमचा बाबा तिसऱ्या रांगंत!" मग आवाज हळूहळू कमी होत गेला. मग थांबलाच.

अप्पाराव आणि साहेबराव शेजारी बसले नव्हते, कधीच बसायचे नाहीत. त्यांच्या बापांनी एका बांधावरून तीस वर्षं भांडण केलं होतं आणि मरताना ते पोरांच्या हवाली करून गेले होते. चादरीवर मात्र ते दोन्ही बाप शेजारी शेजारी होते. अप्पारावनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि तो उभाच राहिला.

"माझ्या बापाच्या अंगावर त्याच्या बापाचं डोकं कुणी बशिवलं?"

"अरे जा! अंग आमच्या बापाचं हाय!" साहेबराव मागून ओरडला. "पयला कोण मेला? आमचा! म्हून अंग आमचं!"

"चार महिन्यांनी काय फरक पडतोय? बांध घेतला, आता अंगबी घ्या!"

मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न झाला, पहिला कोण मेला. कुणी घरी पोरगं पिटाळलं तिथी बघायला. एकानं तर ग्रामपंचायतीची मृत्यूची नोंदवही आणा म्हणून ग्रामसेवकाला फोन लावला. ज्याच्या घरचं माणूस आधी गेलं त्याचं अंग, असं जवळजवळ ठरतच आलं होतं. रत्नमालाबाईंच्या लक्षात आलं की या हिशेबानं ते दादांच्याच वाट्याला येणार, आणि त्या आणखी मागं सरकून बसल्या.

तेवढ्यात बानाबाई उठली. कमरेवर हात ठेवून तिनं चादरीकडं बोट केलं.

"कुणाचंबी नाय ते. माझ्या नवऱ्याचं हाय. माझ्या लग्नातलं हाय. डाव्या खिशावर जो डाग दिसतोय ना, त्यो माझ्या भावानं पाडलेला हाय, आहेर लिवताना. भांडू नका."

एकतीस घरांतली माणसं कडूबाभाऊंकडं बघत होती. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपल्या घरची भिंत आली असणार. पित्राला दाखवलेला नैवेद्य, वर्षश्राद्धाचा हार, परीक्षेला निघताना पोरांनी केलेले नमस्कार, ते सगळं मानेपासून खाली कडूबाभाऊंना पोचत होतं.

मुक्ताबाईनं झटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परपुरुषापुढं वर्षभर ती रोज दिवा लावत होती. मग पदराच्या आतून तिचे खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं रडतेय. बघतात तर म्हातारी हसत होती.

"म्हून मला वाटायचं," ती म्हणाली, "ह्यो मेल्यावर अंगानं भरला कसा?"

काही जण हसले. पण अप्पाराव आणि साहेबराव हसले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन घरांचं एका गोष्टीवर एकमत झालं. सोमवार उजाडायच्या आत आमचे बाप त्या वेबसाइटवरून उतरले पाहिजेत.

"उतरवतो," कडूबाभाऊ म्हणाले. खाली बसून त्यांनी बराच वेळ बटणं दाबली. एकदा धोंडिबा मोठा झाला. एकदा सगळेच आडवे झाले. झेंडूची फुलं दोनाची सहा झाली. पण उतरलं कुणीच नाही. फोटो चढवायचे कसे ते भाऊ शिकले होते, उतरवायचे कसे तो धडा अजून झालाच नव्हता. झीशानला फोन लावला तर तो खुलताबादला कुणाच्या तरी वरातीत होता. पलीकडून बँडच ऐकू येत होता.

---

रविवारी सकाळी रत्नमालाबाई आंघोळ करून फूल घेऊन दादांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. नेहमी फूल कोटाच्या खिशापाशी, काचेच्या कडेला खोचायच्या. हात तिथं गेला आणि परत आला. मग स्टूल आणलं, वर चढल्या आणि फूल दादांच्या डोक्याशी ठेवलं. खाली उतरून नमस्कार केला. करताना मनात म्हणाल्या, देवा, ज्याचं त्याला पोचव. स्टूल त्यांनी तिथंच राहू दिलं.

दुपारी भाऊंच्या दुकानात अप्पाराव आणि साहेबराव दोघं आले. वेगवेगळे आले, पण आले.

"आमच्या बापाला दुसरं अंग दे," अप्पाराव म्हणाला.

"दुसरं नाय माझ्याकडं. एकच हाय, तेबी तुमच्यासमोर हाय," भाऊ म्हणाले. "उघडा बसवू का?"

दोघांनी बाहेर जाऊन विचार केला. एकमेकांपासून दहा हातांवर उभं राहून केला. शेवटी साहेबराव आत येऊन म्हणाला, "निदान टाय तरी बदल."

तेवढं झीशान फोनवर सांगू शकला. अप्पारावच्या बापाला पिवळा टाय मिळाला, साहेबरावच्या बापाला हिरवा. दोघांनी मोबाइलवर खात्री करून घेतली. जाताना अप्पाराव म्हणाला, "पिवळा उठून दिसतो." साहेबरावनं नाही म्हटलं नाही. गावात ते मिटलं. बाकी एकोणतीस घरांनी, आमचा लालच राहू द्या, असा निरोप पाठवला.

सोमवारी सकाळच्या शाळेची मधली सुट्टी चालू होती तेव्हा कडूबाभाऊ फाटकातून आत आले. हातात फोन होता आणि तो वाजत होता.

"साहेब हाय बाई. तुमच्यासमोरच घेतो. काय म्हणंल ते तुम्हीबी ऐका."

त्यांनी स्पीकर चालू केला. बाईंनी मनात पुन्हा देवाला हाक मारली. साहेबाचा आवाज घाईत होता.

"तुमचं काम बघितलं. हे एकाच कोटात सगळे कसे काय?"

भाऊंचा चेहरा उतरला. "साहेब, ते त्याचं असं हाय..."

"मान कुठं जोडलीय तेसुद्धा कळत नाही. आम्हाला हेच पाहिजे होतं! सहाशे कामगार घेतलेत, ओळखपत्रं महिन्याअखेर द्यायचीत आणि गणवेशाचं कापड अजून गिरणीतून निघालेलं नाही. तुम्ही तोंडं काढा, गणवेश तुम्हीच चढवा. जमेल ना?"

"जमंल की!"

"आणि एक विचारायचं होतं. तुमच्याकडची म्हातारी माणसं फार शांत बसतात हो. काय करता काय?"

कडूबाभाऊंनी बाईंकडं बघितलं. बाईंनी दुसरीकडं बघितलं.

"काय नाय साहेब," भाऊ म्हणाले, "त्यांना घाई नसते."

"आमचे कामगार मात्र जागेवर टिकायचे नाहीत. एका माणसाला दोन मिनिटं, त्याच्यावर नाही. परवापासून या." फोन बंद झाला.

व्हरांड्यात पोरांचा गलका चालला होता. बाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं टिपले. "झालं ना भाऊ मनासारखं! आता मेव्हण्याला निरोप द्या. बानाबाईंना सांगितलं का?"

पण कडूबाभाऊ व्हरांड्याच्या कठड्यावर बसले होते आणि त्यांच्या तोंडावर आनंद दिसत नव्हता. मैदानात पळणाऱ्या पोरांकडं ते टक लावून बघत होते. एक पोरगं धडपडलं, उठलं, पुन्हा पळालं. भाऊंचं बोट हवेतच कॅमेऱ्याचं बटण दाबल्यासारखं हललं आणि थांबलं.

"हुकलं," ते म्हणाले.

"काय हुकलं?"

"बाई, दोन वर्षं झाली, माझ्यापुढं कुणी हललं नाय. डोळा मिटला तर मी उघडायचा, मान कलली तर मी सरळ करायची. कुणी शिंकलं नाय, कुणी हसलं नाय, कुणी म्हणलं नाय की पुन्यांदा काढा. आता सहाशे माणसं येणार. जित्ती. पापण्या मिटणारी." ते कठड्यावरून उठले. "एक मागणं हाय तुमच्याकडं."

"मागा की."

"तुमच्या शाळेत सगळ्यात चुळबुळ्या वर्ग कोणता?"

"तिसरी," बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या.

"त्यो मला उद्या एक तास द्या," कडूबाभाऊ म्हणाले. "आन् बाई, तुम्ही बाहेर थांबा. त्यांना गप बसा म्हणू नका."